वेदनेचा पुरावा

पाठदुखीसारख्या घरगुती विषयावर निबंध लिहावयास आम्ही बसलों आहों, हें पाहून कांहीं वाचकांस हंसूं येईल. हा विषय वैद्यांचा, फार तर आजीबाईच्या बटव्याचा. वाङ्मय आणि विचार यांस वाहिलेल्या मासिकांत त्याचें काय काम, असें कोणी विचारलें तर तें अगदींच गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या दुखण्यानें माणूस मरत नाहीं, ज्यास ताप नाहीं, सूज नाहीं, जखम नाहीं, आणि जें तरीही वर्षानुवर्षें माणसाची सोबत सोडीत नाहीं, तें दुखणें जितकें शरीराचें तितकेंच घरांतील माणसांच्या परस्परसंबंधांचेंही असतें. दुसऱ्याच्या शरीरांत आपण शिरूं शकत नाहीं. त्याला दुखतें कीं नाहीं हें कळण्यास बहुधा त्याच्या शब्दावांचून दुसरें साधन नसतें. मग तो शब्द केव्हां मानावा, केव्हां मानूं नये, आणि न मानण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हा प्रश्न वैद्यकाचा नसून नीतीचा आहे. तो आमच्या घरांत एकदां उभा राहिला असतां आम्हीं त्याचें उत्तर चुकीचें दिलें. म्हणून त्याविषयीं लिहिण्याचा थोडा तरी अधिकार आम्हांस आहे, असें आम्ही समजतों.

१९८३ सालची गोष्ट. आमचें घर त्या वेळीं एकत्र होतें आणि घरांत लहानमोठीं मिळून नऊ माणसें होतीं. आमच्या थोरल्या बंधूंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, दुसऱ्या बाळंतपणानंतर वर्षभरानें कंबर धरून बसूं लागल्या. प्रथम उसण भरली असें सर्वांस वाटलें. आळींतील एका पायाळू गृहस्थांस बोलावून त्यांच्याकडून रीतीप्रमाणें पाठीस पाय लावून घेण्यांत आला. मग निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, एरंडाचीं पानें बांधून झालीं, तेल चोळून झालें. दोन-चार दिवस बरें वाटे आणि पाण्याची कळशी उचलली कीं दुखणें पुन्हां जागें होई. शेवटीं तालुक्याच्या गांवीं नेऊन क्ष-किरणांचें चित्र काढविलें. डॉक्टरांनीं तें उजेडासमोर धरून पाहिलें आणि सांगितलें, "मणके उत्तम आहेत. कांहीं दोष नाहीं."

त्या संध्याकाळीं आमच्या घरांत जो आनंद झाला, त्याची आठवण आम्हांस आज सुखाची वाटत नाहीं. बंधू म्हणाले, "चला, काळजी मिटली." काळजी कोणाची मिटली, हें कोणी विचारलें नाहीं. मातोश्रींनीं देवापुढें साखर ठेविली, आणि वहिनी पदर खोंवून स्वयंपाकघरांत गेल्या. दुखणें कांहीं त्या चित्राबरोबर डॉक्टरांकडे राहिलें नव्हतें. परंतु त्या दिवसापासून तें बोलून दाखविण्याची सोय मात्र राहिली नाहीं. "दोष नाहीं" या दोन शब्दांचा अर्थ आमच्या घरानें "दुखत नाहीं" असा केला. आणि दुखत नसतां दुखतें म्हणणाऱ्या माणसास काय म्हणतात, हें सांगावयास नको. आम्ही तेव्हां कॉलेजांत तत्त्वज्ञानाचीं पुस्तकें वाचीत होतों. अन्य मनांचें ज्ञान कसें होतें, या विषयावर आमचा एक निबंधही त्याच वर्षीं वाखाणला गेला होता. "पाहुणे येणार म्हटलें कीं वहिनींची पाठ बरोबर दुखूं लागते," हें वाक्य त्याच काळांतील आणि आमचेंच. सर्व हंसले. वहिनीही हंसल्या.

आतां याच्या जोडीस दुसरी हकीकत. २०१४ सालीं आमचें वय बावन्न वर्षांचें असतां, खुर्चीवर बसून तीस वर्षें काढल्याचें फळ म्हणा कीं नुसत्या दैवाचा फेरा म्हणा, आमची कंबर धरली. सहा महिने झाले तरी ती सुटेना, तेव्हां आम्ही एम्. आर्. आय्. नांवाच्या त्या ठणठण वाजणाऱ्या बोगद्यांत पडून आलों. अहवाल आला, कीं कमरेच्या चौथ्या व पांचव्या मणक्यांमधील गादी झिजली असून किंचित् बाहेर आलेली आहे. झालें! गादी सरकली, ही वार्ता नातेवाइकांत पसरली. समाचारास माणसें आलीं. आमच्यासाठीं वेगळी खुर्ची आणली, बाजाराची पिशवी हातांतून काढून घेतली, आणि आम्हीही त्या चित्राचें मोठें पाकीट दिवाणखान्यांत हातासरशीं सांपडेल असें ठेविलें. येणाऱ्यास तें आम्ही अशा ऐटीनें दाखवीत असूं, कीं जणूं एखाद्या विश्वविद्यालयाचें पदवीपत्रच!

ह्या दोन चित्रांनीं आमच्या घरांत दोन माणसांचें स्थान ठरविलें. एक चित्र निर्दोष निघालें म्हणून वेदना खोटी ठरली. दुसरें सदोष निघालें म्हणून ती खरी ठरली. पुढें आम्हीं या विषयाचें वाचन केलें तेव्हां असें आढळलें, कीं दोन्हीही अनुमानें निराधार होतीं.

क्ष-किरणांचा शोध राँटजेन यांनीं १८९५ सालीं लावला आणि जिवंत माणसाचीं हाडें पहिल्यानेंच डोळ्यांस दिसूं लागलीं. १९३४ सालीं मिक्स्टर आणि बार या बॉस्टन येथील दोन शस्त्रवैद्यांनीं मणक्यांमधील गादी फुटून तिचा दाब मज्जातंतूवर पडल्यानें पायांत कळ जाते, हें दाखवून दिलें. शोध खरा होता आणि मोलाचाही होता. परंतु खऱ्या शोधाचें एक वैगुण्य असें असतें, कीं तो ज्या दहा माणसांस लागू पडतो त्यांच्या पाठोपाठ ज्या नव्वदांस लागू पडत नाहीं त्यांच्याही गळ्यांत घातला जातो. पाठ दुखते, म्हणजे कोठें तरी कांहीं तरी मोडलें आहे, आणि मोडलेलें शोधून दुरुस्त केलें म्हणजे दुखणें संपलें, अशी एक यंत्रशाळेची कल्पना वैद्यांच्या आणि रोग्यांच्याही मनांत रुजून बसली.

तिला धक्का बसला तो निराळ्याच बाजूनें. १९९४ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं, ज्यांची पाठ मुळींच दुखत नव्हती अशा ९८ माणसांचीं चित्रें काढलीं. त्यांपैकीं शेंकडा ३६ माणसांच्याच सर्व गाद्या निर्दोष निघाल्या. निम्म्याहून अधिकांची निदान एक गादी तरी फुगलेली होती. पुढें २०१५ सालीं अशा तेहतीस अभ्यासांचा एकत्र विचार प्रसिद्ध झाला. त्यांत दिसून आलें, कीं कांहीं एक न दुखणाऱ्या वीस वर्षांच्या तरुणांतही शेंकडा ३७ जणांच्या गाद्यांत झीज दिसते, आणि ऐंशीच्या घरांत ती शेंकडा ९६ जणांत दिसते. म्हणजे आम्ही जें पदवीपत्र पाहुण्यांस दाखवीत होतों, तें आमच्या वयाच्या बहुतेकांस आपोआप मिळणारें निघालें. केंस पांढरे होणें आणि गादी झिजणें यांत फारसें अंतर नाहीं. फक्त पांढरे केंस पाहून कोणी आपणांस खुर्ची देत नाहीं. उलट, जीर्ण पाठदुखीनें पीडलेल्या माणसांपैकीं दहांतील नऊ जणांच्या दुखण्यास निश्चित असें एक शारीरिक कारण दाखवितां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. वहिनी त्या नवांपैकीं एक होत्या. २०२० सालीं पृथ्वीवर ६१ कोटी ९० लक्ष माणसांस कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. माणसास कामांतून उठविणाऱ्या सर्व विकारांत तिचा क्रम पहिला लागतो. ह्यांतील बहुसंख्यांस "कांहीं दोष नाहीं" हें वाक्य केव्हां ना केव्हां ऐकावें लागलें असेल.

मग दोष नसतां दुखतें कसें? देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचा मनुष्यशरीरावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें वेदनेस घंटेच्या दोरीची उपमा दिली आहे: पायास विस्तव लागला कीं दोरीचें खालचें टोंक ओढलें जातें आणि वर मस्तकांत घंटा वाजते. ही कल्पना इतकी सोपी आहे, कीं देकार्तचें नांवही न ऐकलेलीं माणसें त्याच मताचीं असतात. आमच्या मातोश्री होत्या. विस्तव नाहीं तर घंटा वाजेलच कशी, हा त्यांचा प्रश्न होता. परंतु दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या आघाडीवर काम केलेल्या हेन्री बीचर या डॉक्टरनें १९४६ सालीं लिहिलें, कीं भयंकर जखमी झालेल्या सैनिकांपैकीं पुष्कळांनीं वेदनाशामक औषध नको म्हणून सांगितलें. विस्तव होता, घंटा वाजली नाहीं. १९६५ सालीं मेल्झॅक आणि वॉल यांनीं असें प्रतिपादिलें, कीं पाठीच्या कण्यांतच एक दार आहे. खालून येणारी वर्दी किती आंत सोडावी हें तें दार ठरवितें, आणि त्या दाराची कडी पुष्कळ अंशीं वरून, मेंदूकडून, हालते. भीति, थकवा, निद्रानाश, चिंता, पूर्वीच्या दुखण्याची आठवण ह्या सर्वांचे हात त्या कडीपर्यंत पोंचतात. दुखणें जुनें झालें म्हणजे तर मूळ इजा भरून आल्यावरही दार उघडेंच राहूं शकतें. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०२० सालीं आपली व्याख्या सुधारतांना तिच्या टिपांत एक गोष्ट स्पष्ट लिहिली: माणूस दुखतें म्हणून सांगतो, तर त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. शास्त्रीय व्याख्येच्या पोटांत एक नीतिवाक्य येऊन बसावें, ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. शास्त्रास तें घालावें लागलें, कारण तें न घातल्यानें काय होतें हें त्यानें पुष्कळ वर्षें पाहिलें होतें.

येथें एक विचारी वाचक म्हणेल, कीं मेंदूचा हात आहे म्हणजे शेवटीं तें मनाचेंच झालें. मग आम्ही तेंच तर म्हणत होतों! नाहीं, हें "तेंच" नव्हे. "तुमच्या मनांत आहे" असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां आपणांस म्हणावयाचें असतें, कीं तें तुमच्या इच्छेंत आहे, तुम्हीं मनांत आणलें तर थांबेल. परंतु इच्छा आणि मन यांत अंतर आहे. लाजेनें तोंड लाल होतें. तें मनामुळें होतें म्हणून खोटें नसतें, आणि लाल होऊं नये असें ठरवून तें थांबत नाहीं. भीतीनें घाम फुटतो तो खरा घामच असतो. मन हें शरीराच्या बाहेर राहणारें भाडेकरू आहे, आणि त्यानें केलेली तक्रार घरमालकानें ऐकण्याचें कारण नाहीं, ही समजूत सोडल्यावांचून या दुखण्याचा विचार करतां येणार नाहीं.

आतां उपायांकडे वळूं. पहिली गोष्ट विश्रांतीची. आमच्या लहानपणीं पाठ धरली कीं फळीवर निजवून ठेवण्याची चाल होती. मोठमोठे डॉक्टर आठवड्यांवर आठवडे अंथरूण सांगत. १९८६ सालीं दोन दिवसांची विश्रांति आणि सात दिवसांची विश्रांति यांची तुलना करून पाहिली, तेव्हां सात दिवसांनीं कांहींच अधिक साधलें नाहीं. कामाचे दिवस मात्र अधिक बुडाले. १९९५ सालीं हेलसिंकी येथील नगरपालिकेच्या १८६ नोकरांवर असाच प्रयोग झाला. कांहींना निजविलें, कांहींना पाठीचे व्यायाम दिले, आणि कांहींना झेपेल तितकें आपलें रोजचें काम चालूं ठेवा, एवढेंच सांगितलें. नवीन उठलेल्या त्या दुखण्यांतून सर्वांत लवकर बरे झाले ते हे शेवटचे. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतानें तर १९९७ पासून दोन वर्षें चित्रवाणीवरून लोकांस हेंच सांगितलें, कीं पाठ दुखली म्हणून आडवे पडूं नका. आणि त्यानें लोकांच्या व डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या.

कंबरपट्टा आणि वजन लावणें या दोन गोष्टींवर आपल्या लोकांची फार श्रद्धा. आम्हीही एक पट्टा वर्षभर बांधला आणि तो शर्टाबाहेरून दिसेल असा बांधला, हें कबूल करतों. २०२३ च्या डिसेंबरांत जागतिक आरोग्य संघटनेनें जीर्ण कंबरदुखीविषयीं आपलें पहिलें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. त्यांत पट्टे आणि वजन लावणें हीं नित्याच्या उपचारांत देऊं नयेत असें सांगितलें आहे. अफूच्या जातीचीं वेदनाशामकेंही देऊं नयेत असें त्यांत आहे. त्यांचें व्यसन लागतें, अतिमात्रेनें माणसें मरतात, आणि २०१८ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत वर्षभर देऊनही तीं साध्या औषधांहून वरचढ ठरलीं नाहींत. नेहमींच्या पॅरासिटॅमॉलची गोळीही, २०१४ सालच्या सोळाशेंहून अधिक रोग्यांच्या प्रयोगांत, नवीन उठलेल्या कंबरदुखीवर नुसत्या साखरेच्या गोळीहून सरस निघाली नाहीं. सूज उतरविणारीं औषधें थोडीं उपयोगी पडतात; पण जठर आणि मूत्रपिंडें त्यांचें मोल भरतात.

मग उरलें काय? व्यायाम, चालणें, दुखण्याची नीट समजूत करून देणें, हातानें करावयाचे मर्दनादि उपचार, आणि मनाच्या संवयी बदलणारे उपचार. ही यादी वाचून पुष्कळांची निराशा होते, आमचीही झाली होती. त्यांतही व्यायामाचा लाभ प्रामाणिकपणें मोजावयाचा तर तो माफक आहे. २०२१ सालीं २४९ प्रयोगांची एकत्र छाननी झाली. वेदनेचें मोजमाप शंभरांत केलें, तर कांहींच न करणाऱ्यांच्या मानानें व्यायाम करणाऱ्यांची वेदना सुमारें पंधरांनीं कमी भरली. पंधरा म्हणजे शून्य नव्हे, आणि पंधरा म्हणजे मुक्तीही नव्हे. ज्यास रात्रीं तीन वाजतां जाग येत होती त्यास ती पांच वाजतां येऊं लागावी, इतपत ती गोष्ट आहे. आणि ज्यास ती येते त्यालाच त्या दोन तासांची किंमत ठाऊक.

कोणता व्यायाम, याविषयीं मात्र जितके गुरु तितके पंथ. पुण्यास बी. के. एस्. अय्यंगार यांनीं १९३७ पासून योगविद्या शिकविली आणि दोर, पट्टे, लांकडी ठोकळे यांच्या आधारें आजारी माणसासही आसनें करतां येतील अशी पद्धति बसविली, ही गोष्ट आपल्या अभिमानाची आहे. पाठदुखीवर योगाचा उपयोग होतो, हेंही प्रयोगांनीं सिद्ध आहे. परंतु २०११ सालीं अमेरिकेंत २२८ माणसांवर जो प्रयोग झाला, त्यांत योगासनें आणि साधे ताण देण्याचे व्यायाम यांचा गुण सारखाच आला. केवळ पुस्तक वाचून स्वतः उपचार करणाऱ्यांहून दोघेही सरस ठरले. योगाभिमानी वाचकांनीं रागावूं नये. अमुकच प्रकार थोर असें ठरत नाहीं, तर जो माणूस नेमानें करील तोच त्याचा थोर, असें दिसतें. आणि ज्यास कांहींच जमत नसेल त्यास पाय तर आहेत: २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांत, कंबरदुखींतून नुकत्याच उठलेल्या ७०१ माणसांपैकीं ज्यांस बेताबेतानें चालण्याचा नेम आणि थोडी समजूत दिली, त्यांचें दुखणें उलटण्यास मध्यमानानें २०८ दिवस लागले, इतरांस ११२.

येथेंच आम्हांस या विषयांतील खरी नैतिक अडचण दिसते. गोळी रोगी घेतो. व्यायाम रोग्यास करावा लागतो. गोळी लागूं पडली नाहीं तर दोष गोळीचा. व्यायामानें गुण आला नाहीं तर दोष रोग्याचा! "तुम्हांला सांगितलें होतें तें केलें नाहींत ना?" हें वाक्य डॉक्टरांच्या, पतीच्या, सासूच्या तोंडीं किती लवकर येतें! पूर्वीं पुरावा मागून माणसास खोटा पाडीत. आतां उपाय सांगून आळशी ठरवितात. १९८३ सालीं आमच्या वहिनींस कोणी उत्तम व्यायाम सांगितले असते, तर त्यांनीं ते केव्हां करावयाचे होते? पहांटे पांचाला नळाचें पाणी येई. रात्रीं दहाला शेवटचीं भांडीं होत. नऊ माणसांच्या त्या घरांत दार लावून पंधरा मिनिटें जमिनीवर पडून पाय वर करील, अशी एक मोकळी खोली नव्हती आणि असती तरी सुनेस तशी मुभा नव्हती. कोंकणांत आषाढ-श्रावणांत दिवसच्या दिवस ओणव्यानें भाताची लावणी करणाऱ्या बायकांस, किंवा ऊसतोडीला गेलेल्या मराठवाड्यांतील मोळीवाहू जोडप्यांस, "वांकूं नका, जड उचलूं नका, रोज अर्धा तास मोकळे फिरा" असा सल्ला देणारा डॉक्टर शास्त्र बरोबर सांगत असेल. पण तो त्यांची थट्टाही करीत असतो. स्वतःच्या प्रयत्नानें बरें होण्याचा उपदेश करण्यापूर्वीं, त्या प्रयत्नास लागणारा वेळ आणि जागा आपण त्या माणसाकडून काढून तर घेतलेली नाहीं ना, हें पाहणें उपदेशकाकडे लागतें. घरांतील एकाची पाठ बरी व्हावयाची तर घरांतील दुसऱ्यानें कळशी उचलली पाहिजे. आमच्या घरांत चार पुरुष होते.

मनाच्या उपचारांविषयींही असेंच. २०१६ सालीं ३४२ जीर्ण रोग्यांवर झालेल्या प्रयोगांत, ध्यानाच्या अंगानें जाणारी एक शिकवण आणि विचारांच्या संवयी सुधारणारी दुसरी, या दोहोंनीं सुमारें शेंकडा साठ जणांचें हिंडणेंफिरणें सुधारलें. नेहमींच्या उपचारांनीं शेंकडा ४४ जणांचें. हे उपचार खरे आहेत. परंतु ज्यास वर्षानुवर्षें खोटें ठरविलें आहे, त्यास "आतां मनाच्या डॉक्टरकडे जा" असें म्हणणें म्हणजे जुन्याच आरोपावर नवा शिक्का मारणें. आधीं विश्वास, मग हा उपाय, असा क्रम नसेल तर उपायही अपमानच होतो. फसवून गुण आणण्याची गरज नाहीं, हें तर लिस्बन येथील २०१६ सालच्या एका छोट्या प्रयोगानें मोठें गमतीनें दाखविलें: या गोळींत औषध नाहीं असें स्पष्ट सांगून ती दिली, तरी नुसत्या नेहमींच्या उपचारांवर असलेल्यांहून त्या रोग्यांची वेदना अधिक कमी झाली. आमच्या आळींतील पायाळू गृहस्थांची येथें आठवण होते. त्यांच्या पायांत कांहीं गुण होता असें नव्हे. पण ते येत, बसत, कोठें दुखतें तें विचारीत आणि दुखणें मानूनच पाय लावीत. क्ष-किरणांच्या डॉक्टरांनीं मानलें नाहीं. वहिनींस त्या पायानें चार दिवस बरें वाटे, याचें आम्हांस आतां नवल वाटत नाहीं.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. सर्वांचें सर्व मानावयाचें ठरविलें, तर कामचुकार काय करतील? खोटे दाखले देऊन रजा घेणारे, भरपाईसाठीं न्यायालयांत कण्हणारे आम्हींही पाहिले आहेत. ग्लासगो येथील शस्त्रवैद्य गॉर्डन वॉडेल यांनीं १९८० सालीं अशीं कांहीं चिन्हें सांगितलीं, कीं जीं आढळल्यास रोग्याचें दुखणें केवळ शरीराच्या तपासणीनें उलगडणार नाहीं असें समजावें. झालें असें, कीं लोकांनीं तीं ढोंग पकडण्याची कसोटी म्हणून वापरलीं. आणि स्वतः वॉडेल यांस पुढें १९९८ सालीं सांगावें लागलें, कीं तो त्यांचा उपयोग नव्हे. ज्यास अधिक मदतीची गरज, तोच लबाड म्हणून धरला गेला. चूक दोन्हीकडे होऊं शकते, हें खरें. लबाडाचें मानलें तर आपला थोडा पैसा जातो, थोडें काम आपल्या अंगावर पडतें, आणि लबाड मनांत हंसतो. खऱ्याचें मानलें नाहीं तर तो माणूस आपल्याच घरांत एकटा पडतो, आणि हळूहळू त्याचा स्वतःवरचाही विश्वास उडतो; मला खरेंच दुखतें कीं मीच वाईट आहें, असें त्यास वाटूं लागतें. न्यायाधीशानें पुरावा मागावा. त्याचें तें काम आहे. घर हें न्यायालय नव्हे, आणि आमच्या वहिनींनीं कोणाकडे भरपाई मागितलेली नव्हती.

विश्वास ठेवावयाचा म्हणजे तपासणी करावयाची नाहीं, असा अर्थ मात्र कोणी घेऊं नये. पाठदुखीबरोबर लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायांतील शक्ति जाऊं लागली, तर एक दिवसही न दवडतां रुग्णालय गांठावें. तेथें शस्त्रक्रियेस पर्याय नाहीं. ताप, वजन घटणें, रात्रीचा घाम, पूर्वीं झालेला कर्करोग ह्या गोष्टीही उपेक्षूं नयेत. मणक्यांचा क्षय आपल्या देशांतून गेलेला नाहीं. पायांत कळ जाणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं हॉलंडमधील २८३ रोग्यांवरील २००७ सालच्या प्रयोगांत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांस आराम लवकर पडला, पण वर्षअखेर थांबलेले आणि न थांबलेले सारख्याच स्थितींत होते. थांबलेल्यांपैकीं शेंकडा ३९ जणांस मात्र मध्यंतरीं शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली. घाई करावी कीं वाट पाहावी, हें तेव्हां ज्याचें त्यानें ठरवावें. असो.

आमची पाठ पुढें दीड वर्षानें पुष्कळ सुधारली. पट्टा सुटला, टेकडीवर जाण्याचा नेम जडला. दुखणें अजून अधूनमधून येतें आणि आम्ही त्यास ओळखतों. परंतु ज्या दिवसांत आम्ही खुर्चीवर बसून समाचार घेत होतों, त्यांतील एक संध्याकाळ सांगावयाची राहिली आहे. वहिनी तेव्हां एकसष्ट वर्षांच्या होत्या आणि बंधूंच्या पश्चात् मुलाकडे दुसऱ्या गांवीं राहत. त्या एस्. टी.नें पांच तास प्रवास करून आल्या. आम्हीं संवयीप्रमाणें पाकीट पुढें केलें. त्यांनीं तें हातांत घेतलें, उघडलें नाहीं, आणि बाजूस ठेविलें. पिशवींतून त्यांनीं जुन्या लुगड्याच्या फडक्यांत शिवलेली वाळूची पुरचुंडी काढली. तव्यावर गरम करून शेकावयाची ती पुरचुंडी वापरून वापरून काळवंडलेली होती. एवढ्या वर्षांत ती आम्हीं त्यांच्याजवळ कधीं पाहिली नव्हती.

"ही केव्हांपासून वापरतां, वहिनी?" आम्हीं विचारलें.

"पुष्कळ दिवस झाले," त्या म्हणाल्या. "सगळे निजले म्हणजे शेकीत असें." मग जवळ बसून, आवाज थोडा खालीं आणून, त्यांनीं विचारलें, "भाऊजी, रात्रीं कूस बदलतांना उठावें लागतें कां हो?"

एवढ्या समाचारास आलेल्यांपैकीं हा प्रश्न आम्हांस कोणीही विचारला नव्हता. त्यांना तरी १९८३ पासून कोणी विचारला होता, हें आठवण्याचा आम्ही प्रयत्न करूं लागलों. तोंवर त्या तवा तापविण्यास उठल्या. आणि उठतांना त्यांनीं भिंतीचा आधार घेतला.